आडवे आरमार, उभे मालवण

'कोडे' हा शब्द 1954 सालानंतर आमच्या घरात कोणी मोठ्याने उच्चारीत नसे. मालवणच्या घरात बंदी असावी असा हा शब्द नव्हे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात कोड्याला 'हुमाणे' म्हणतात आणि रात्री जेवणे आटोपल्यावर ओसरीवर हुमाणी घालणे हा तर आमच्या आजीचा जन्मसिद्ध अधिकार होता. पण बंदी होती ती हुमाण्यांना नव्हे, शब्दकोड्यांना. आणि तिचे कारण आमचे वडील होते.

वडील मुंबईस एका पेढीवर कारकून होते. त्या काळी मुंबईच्या पत्रांतून बक्षिसांची शब्दकोडी येत. एका प्रवेशिकेला काही आणेच पडत, पण माणूस एका प्रवेशिकेवर थांबत नसे. कारण कोड्यातच एक मेख मारलेली असे. 'संसारात हे हवेच', शेवटचे अक्षर 'न', आणि पहिले? 'मान' म्हणावे की 'धान'? दोन्ही उत्तरे बसत. खरे उत्तर मोहोरबंद पाकिटात. मग दोन्ही पाठवावी. असे आठ ठिकाणी झाले की दोनाच्या चार, चाराच्या आठ होत शेवटी 256 प्रवेशिका होतात, हे गणित वडिलांना कळत नव्हते असे नाही. चांगले हिशेबनीस होते ते. पण आईच्या दोन पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या याच गणितापायी. आईने शब्द काढला नाही. फक्त त्यानंतर घरात 'कोडे' हा शब्द कोणी काढीनासे झाले.

पुढे 1955 साली बक्षीसस्पर्धांचा कायदा झाला. महिन्याला एकंदर 1000 रुपयांहून अधिक बक्षीस देणाऱ्या स्पर्धा त्याने बंद केल्या आणि त्याखालच्यांना परवाना लावला. कोडेवाले सर्वोच्च न्यायालयात गेले. 1957 साली न्यायालयाने निकाल दिला की, ज्या स्पर्धेत यश बुद्धीवर नव्हे तर मुख्यतः दैवावर अवलंबून असते तो जुगार होय, आणि जुगाराला व्यापाराचे स्वातंत्र्य मागता येणार नाही. वडिलांचा खटला असा दिल्लीत निकालात निघाला. घरातला मात्र तसाच पडून होता.

त्याच वर्षीची ही हकीकत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या इतिहासाच्या गुरुजींनी प्रत्येकाच्या हाती एक कागद ठेवला. बदामी कागदावर शाईने आखलेली घरे, काही काळी, काही पांढरी. खाली सूचना. माझ्या पोटात गोळाच आला. गुरुजी म्हणाले, "सुट्टीत सोडवून आणा. आईला विचारा, आजीला विचारा, बंदरावरच्या तांडेलाला विचारा. कोणालाही विचारायची मुभा आहे. मात्र उत्तर कसे मिळाले, ते प्रत्येक शब्दापुढे लिहावयाचे."

तो कागद मी घडी घालून दप्तराच्या तळाशी लपविला आणि घरी आलो.

शब्दकोड्याचा जन्म तसा फार जुना नाही. 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन नावाच्या, मूळच्या लिव्हरपूलच्या, गृहस्थाने शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. तेथून ते जगभर गेले. मराठीत येताना मात्र त्याला आपले रूप बदलावे लागले. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, एका घरात एक. मराठीत एका घरात काना, मात्रा, जोडाक्षर यांसह सबंध अक्षर बसते. 'सिंधुदुर्ग' हा एवढा मोठा शब्द, पण चारच घरे व्यापतो. आणि आडवा शब्द उभ्या शब्दाला जेथे छेदतो तेथे 'म' ला 'म' चालत नाही तर 'मा' ला 'मा'च लागतो. म्हणून मराठी कोडे रचणे इंग्रजीहून कठीण.

आपल्याकडे अक्षरांचे असे खेळ खेळणारे पूर्वीही होतेच. पन्हाळ्यास 1729 साली जन्मलेल्या मोरोपंतांनी 'निरोष्ठ रामायण' रचले, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे वर्ज्य करून रामकथा सांगितली. ज्या कथेच्या नायकाच्या नावातच 'म' आहे ती 'म' वाचून सांगावयाची! असा हट्ट धरला की माणसाला प्रत्येक वस्तूची चार-पाच नावे शोधावी लागतात. शब्दसंग्रह वाढतो तो असा, अडचणीत सापडल्यावर. पाठ करून वाढतो तो परीक्षेपुरता.

गुरुजींच्या कोड्याचा एक कोपरा मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. वर आडवी चार घरे: 'महाराजांचे समुद्रावरील लष्कर'. ते सोपे होते, 'आरमार'. त्याच्या तिसऱ्या घरातून, म्हणजे 'मा' पासून, खाली चार घरे: 'येथून सिंधुदुर्ग दिसतो'. हे तर अंगणातलेच, 'मालवण'. त्या 'मालवण'मधल्या 'व' वर संपणारी आडवी तीन घरे मात्र रिकामी राहिली. सूचना होती: 'सैन्याचा पडतो, बंदरात तरतो'.

चावदिसाच्या पहाटे, म्हणजे नरकचतुर्दशीला, तुळशीपुढे कारीट फोडून, गूळपोहे, दूधपोहे, ताकातले पोहे असे सगळे पोह्यांचे प्रकार पोटात गेल्यावर मी माळ्यावर जाऊन तो कागद पुढे घेऊन बसलो. आजीने मला तेथेही गाठले. "कागदात काय बघतंस रे झिला? भायर बघ," एवढे म्हणून ती खाली गेली. तिला अक्षरओळख नव्हती. पण तिच्या पावलामागोमाग दुसरे पाऊल वाजले, आणि मी वर पाहिले तो वडील उभे.

पावसाळ्यात आगबोटी बंद असत, त्यामुळे गणपतीला वडिलांचे येणे झाले नव्हते. दिवाळीला आले होते. त्यांनी कागद हातात घेतला. मी मान खाली घातली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "हेका पैसे किती?"

"पैसे नाहीत. गुरुजींनी दिलंय."

"आणि बक्षीस?"

"बक्षीसही नाही."

ते माझ्याशेजारी बसले. बोट त्या तीन रिकाम्या घरांवर ठेवून म्हणाले, "मी मुंबयक जातंय, तेवा आगबोटीर कसो चढतंय?"

आगबोट मालवणच्या धक्क्याला लागत नसे. खडकांच्या भयाने ती दूर खोल पाण्यात उभी राही, आणि धक्क्यावरून माणसे, ट्रंका, फणस, कोंबड्या असे सारे भरून तिच्यापर्यंत नेणारी जी रुंद पोटाची होडी, तिचे नाव 'पडाव'. दरवर्षी मी त्याच पडावातून वडिलांना दूर जाताना पाहात आलो होतो. सैन्याचा पडतो तोही पडाव. 'व' बरोबर 'व' वर बसला. वडिलांनी माझ्या हातून पेन्सिल घेतली आणि त्या घरांत आपल्या वळणदार अक्षरात तो शब्द स्वतः लिहिला. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी भरलेले ते शेवटचे कोडे.

शाळा उघडली. गुरुजींनी उत्तरे फळ्यावर लिहिली आणि मग खरा तास सुरू झाला. ते म्हणाले, "हे तीन शब्द एकमेकांना एकेका अक्षराने धरून उभे आहेत. आता त्यांची गावे सांगा." आम्हांला वाटले, मराठी शब्द ते, मराठीच गावचे. 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा' वरून आला आहे, म्हणजे ज्यांच्याशी समुद्रावर झुंजायचे त्यांच्याचकडून आपण लढाऊ ताफ्याचे नाव घेतले, हे ऐकून वर्ग गप्प झाला. होडीचा 'पडाव' दक्षिणेचा. कानडी-तमिळात त्याचे सख्खे भाऊ अजून नांदतात. आणि 'मालवण'? अर्ध्या वर्गाने 'महालवण', म्हणजे मिठागरांचे गाव, असे लिहिले होते. उरलेल्यांनी 'माडवन', माडांचे वन. दोन्ही गोष्टी गावात सांगितल्या जातात. आम्ही वाट पाहात होतो की गुरुजी आता पाकीट फोडणार आणि खरे उत्तर सांगणार. गुरुजींनी दोन्ही बाजूंना पुरे गुण दिले. म्हणाले, "कारण लिहिले आहे ना? पुरे. पुढे कोणाला पुरावा सापडला तर त्याने येऊन माझा फळा पुसावा."

मी पुढे स्वतः शिक्षक झालो, तेव्हा हे वाक्य किती अवघड आहे ते मला कळले. कबूल करतो की कितीतरी वर्षे मी वर्गात 'महालवण' हेच एक उत्तर देऊन मोकळा होत असे. एकच उत्तर सांगितले की तास वेळेवर संपतो.

शब्द बदलून राज्य घडविण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या इतिहासात झाला आहे. 1674 साली राज्याभिषेक झाला, त्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश. सुमारे 1400 शब्द, आणि त्यांची मांडणी दहा वर्गांत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. ही नावे नुसती वाचली तरी राज्य कशाकशाचे बनते ते ध्यानात येते. पेशव्याचा प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. मुलांना मी हा कोश कोड्यासारखाच शिकवीत असे. एका बाजूला जुना शब्द, दुसऱ्या बाजूला रिकामी घरे. डबीर, तीन घरे, शेवटचे अक्षर 'त'. मुले भराभर भरीत.

या प्रयोगाचे फळ काय मिळाले? इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1628, 1677 आणि 1728 या सालांची तीन पत्रे घेऊन त्यांतले शब्द मोजले. पहिल्यात मराठी शब्द शेकडा 14 च्या आसपास, दुसऱ्यात 62, तिसऱ्यात 93. आकडे डोळे दिपविणारे आहेत. अर्थात तीन पत्रे म्हणजे सारी भाषा नव्हे. लिहिणारा कोण, कोणाला, कशासाठी लिहितो, यावरही शब्द ठरतात. पण वाऱ्याची दिशा त्यांवरून कळते.

मात्र कोश दरबाराचा, आणि भाषा बंदरावरची. सिंधुदुर्ग पाहावयाला जा आणि पायाखालचे शब्द मोजा. 25 नोव्हेंबर 1664 रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, आज ज्याला मोरयाचा धोंडा म्हणतात तेथे, पूजन झाले आणि कुरटे बेटावर काम सुरू झाले. हिरोजी इंदुलकरांनी पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतवून तीन वर्षांत सुमारे 48 एकरांच्या बेटाला तट घातला. नाव दिले ते अस्सल संस्कृत, 'सिंधुदुर्ग'. पण आत शिरायचे ते 'दरवाजा'तून, आणि दरवाजा फारसी. दरवाजाच्या अंगाला 'बुरूज', तो अरबी. बुरुजावर 'तोफ', ती तुर्की. तोफेच्या मागे 'तट', तो पुन्हा संस्कृत. तटाबाहेर 'आरमार', ते पोर्तुगीज. आणि आरमारात जी 'गुराब', ती अरबांची. अरबीत 'गुराब' म्हणजे कावळा. आत गेल्यावर तहान भागवायला तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. यांतली 'बाव' मात्र आमच्या आजीची, संस्कृत 'वापी'ची घरगुती झालेली नात. चहूकडे खारा समुद्र, आणि मध्ये गोडे पाणी. किल्लाच एक शब्दकोडे आहे. सहा भाषांचे शब्द आडवे-उभे एकमेकांत अडकले आहेत. त्यातला एक उपटला तर शेजारचा ढासळतो.

आणि जे शब्द या जाळ्यात अडकले नाहीत, ते टिकले नाहीत. 1765 साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव ठेवले 'फोर्ट ऑगस्टस'. पुढे तो कोल्हापूरकरांना परत मिळाला आणि 1812 च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला. त्यानंतर इंग्रज येथे सव्वाशेहून अधिक वर्षे राहिले. पण आज मालवणच्या बाजारात 'ऑगस्टस'चा पत्ता विचारून पाहा. तिकडे 'सिंधुदुर्ग' मात्र 1 मे 1981 रोजी सबंध जिल्ह्याचे नाव झाले. सत्तेने ठेवलेले नाव कागदावर राहिले आणि माणसांच्या तोंडी बसलेले नाव कागदावर चढले.

फराळाच्या ताटावरही हाच खेळ चालतो. काजू आणि अननस ही नावे ब्राझीलच्या रानातून पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. बटाटा, पाव, कोबी त्यांचेच. ज्यात पोहे कालवायचे ती परात, ज्याने कपाट उघडायचे ती चावी, कपाटाची बिजागरी, आणि हे सारे ज्याच्या जोरावर आले तो पगारसुद्धा! देवगडचा हापूस हा तर मूळचा 'अफोन्सो'. घरात पाहुणा म्हणून आलेला शब्द दोन पिढ्यांत घरचा कर्ता होऊन बसतो, आणि आपण त्याचे कूळ विचारायचे विसरून जातो.

गेल्या काही वर्षांत आमच्या किल्ल्याचे भाग्य उजळले आहे. 4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिन येथे साजरा झाला. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत सिंधुदुर्ग आहे. सुट्टीत पर्यटकांच्या रांगा लागतात. आनंदच आहे. पण चिरे राखायला जगातली माणसे पुढे आली, शब्द राखायला घरचीच लागतात.

मागच्या दिवाळीत माझी धाकटी नात पुण्याहून आली. मी गुरुजींचा तो कोपरा तिला आखून दिला. 'आरमार' तिने क्षणात भरले, 'मालवण'ही. 'सैन्याचा पडतो, बंदरात तरतो' येथे अडली. मी वडिलांसारखे विचारायला तोंड उघडले आणि थांबलो. काय विचारणार? आगबोट केव्हाच बंद झाली. पडावात बसून कोणी मुंबईला जात नाही. तिचे वडील येतात ते मोटारीने. जी खूण माझ्या डोळ्यांपुढे रोज तरंगत होती, ती तिच्यासाठी नव्हतीच.

मग मी तिला धक्क्यावर नेले. समुद्राकडे बोट दाखवून सांगितले, की आगबोट तेथे उभी राही, आणि पडाव येथून निघे. आणि त्यात शेवटच्या फळीवर, पांढरी टोपी घालून, तुझे पणजोबा बसत. आई धक्क्यावर उभी असे. पडाव आगबोटीला टेकेपर्यंत ती हलत नसे. पाटल्या नसलेले तिचे हात मला दिसत. आणि हेही सांगितले, की त्या पाटल्या वडिलांनी पुढे सात वर्षांनी सोडवून आणल्या.

नात बराच वेळ पाण्याकडे पाहात राहिली. मग म्हणाली, "आजोबा, तीन घरं ना? मला कळलं. पण उत्तर कसं मिळालं, ते एवढं सगळं लिहायचं?"

"सगळं लिहायचं," मी म्हणालो. "गुण त्याचेच आहेत."

सणाच्या दिवशी वाचकांना नुसता लेख देऊन निरोप देणे बरे नव्हे. तेव्हा ही तीन हुमाणी घरातल्या मुलांपुढे ठेवा. प्रवेशिकेला पैसे नाहीत, बक्षीसही नाही.

पहिले: अरबांचा कावळा, पोटात तोफा, तीन घरे. दुसरे: पोर्तुगिजांकडे लाकडाचा खोडा, आपल्याकडे चोराचा वाडा, तीन घरे. तिसरे: चहूकडे खारे पाणी, नाव मात्र दुभत्याचे, चार घरे, शेवटी 'बाव'.

पहिल्याचे उत्तर 'गुराब', ते वर येऊनच गेले. दुसऱ्याचे 'तुरुंग', तो 'त्रोंको'पासून आला. तिसऱ्याची मात्र दोन उत्तरे आहेत, दूधबाव आणि दहीबाव. पाकीट नाही, मोहोर नाही. दोन्ही बरोबर धरावी. आणि मुले भांडूच लागली, तर त्यांना मालवणला घेऊन यावे आणि दोन्ही विहिरींत वाकून पाहू द्यावे.